सातशे साठ यार्ड

२२ एप्रिल, मंगळवार

ही वही माझ्या बायकोची, नादीनची. परसातल्या वाफ्यांची नोंद ठेवायला तिने आणली होती. पहिल्या तीन पानांवर गाजर, बीट आणि सशांना दिलेल्या शिव्या आहेत. चौथ्या पानापासून मी.

लिहायला कारण तसंच आहे. एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीचा परवाना सोडतीत लागला! एकवीस वर्षं अर्ज करतोय, एकवीस वर्षं नकार येतोय, आणि प्रत्येक नकारामागे पुढच्या सोडतीसाठी नावावर एक गुण चढतोय. आज सकाळी डार्लाने फोनवर निकाल बघितला आणि म्हणाली, "बाबा, लागला तुझा. उत्तर खोऱ्यातला नर एल्क." मी हातातलं अंडं तव्याऐवजी शेगडीवर फोडलं.

नादीन असती तर म्हणाली असती, "ऑर्विल, तुला एल्क मिळाला, मला नवीन ओटा कधी मिळणार?" तिला जाऊन तीन वर्षं झाली. ओटा तोच आहे.

परवाना एका मोसमाचा. वापरा नाहीतर सोडा, गुण शून्यावर येतात. पुन्हा एकवीस वर्षं थांबायचं तर मी एकोणनव्वदचा होईन. म्हणजे हाच.

डार्ला घोड्यांना नाल ठोकते. एक्केचाळीस वर्षांची आहे आणि बोलतेही नाल ठोकल्यासारखीच. म्हणाली, "तिथे चढणार कोण?"

"मी."

"गेल्या वर्षी अर्ध्या वाटेवरून परत आलास."

"गेल्या वर्षी वणव्याचा धूर होता."

ती अंडं पुसायला लागली. धूर होता. फार नव्हता, पण होता.

१७ मे, शनिवार

बर्फ उतरलं म्हणून लाकूडतोड्यांच्या जुन्या रस्त्याने गाडी नेता येईल तिथवर नेली. पुढे कड्यापर्यंत एक मैल चालायचं. मध्ये सहा वेळा फुलं बघायला थांबलो. यंदा फुलं चांगली आहेत.

कडा मात्र मी म्हणत होतो तसाच आहे. समोर दरी, दरीपलीकडे गवताचा उतार, आणि त्या उतारावर सकाळच्या उन्हाला एल्क चरायला येतात हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. जग तिथे जात नाही, कारण खाली उतरून पलीकडे चढायला धडधाकट माणसालाही अडीच तास लागतात, आणि तोवर एल्क दुसऱ्या खोऱ्यात पोचतो.

अंतर मोजायचं यंत्र नेलं होतं. उताराच्या मधल्या एकट्या झाडापर्यंत सातशे साठ यार्ड. पुन्हा मोजलं, सातशे साठ.

आजकालची पोरं एवढ्या अंतरावर मारतात. मी आयुष्यात एकोणीस एल्क मारले, सगळे दोनशेच्या आत, सगळे एकाच 'दोनशे सत्तर' रायफलने. पण तेव्हा दोनशेच्या आत जाता यायचं. पाय पोचत नाहीत तिथे गोळी पोचवायची, एवढंच. प्रश्न उरला तो काडतुसाचा.

२४ मे, शनिवार

गस अमुंडसनच्या दुकानात गेलो. पुढे खिळे-कुलपं, मागे रायफली, मध्ये फुकटची कॉफी, आणि ती लागतेही फुकटच.

"सातशे साठ?" गस म्हणाला. "लेका, तेवढ्यावर तुला एल्क दिसतो तरी का?"

"दुर्बिणीतून दिसतो."

"दुर्बिणीतून मला चंद्रही दिसतो. म्हणून मी त्याच्यावर गोळी झाडत नाही."

मग त्याने तीन काडतुसं काउंटरवर उभी केली. पहिलं साडेसहा मिलिमीटरचं. धक्का नाही, सरळ जातं, वाऱ्याला दाद देत नाही. पण सातशे साठवर पोचेपर्यंत त्याचा दम, म्हणजे आदळण्याचा जोर, हजारावर येतो, आणि एल्कला दीड हजार हवेत असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. दुसरं सात मिलिमीटर मॅग्नम, सगळ्यांत मधलं. गसचं मत त्याला. तिसरं तीनशे मॅग्नम. माझ्या मधल्या बोटापेक्षा लांब. पलीकडच्या उतारावर सतराशेच्या दमाने आदळतं.

मी तिसरं हातात घेतलं ते खाली ठेवलंच नाही.

"जितकं पुढे मारतं तितकं मागे मारतं हे," गस म्हणाला.

"खांदा माझा आहे."

"खांद्याचं नाही रे म्हणत मी, डोळ्याचं म्हणतोय. धक्क्याची भीती बसली ना, की डोळा आधी मिटतो आणि गोळी मग सुटते. आणि ज्याला भीती बसते त्याला ती कळत नाही, शेजारच्याला कळते."

"मी एकतीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ सारणारा नांगर चालवलाय. धक्के तू मला नको शिकवूस."

"नांगराने कधी एल्क मारलास?"

तो हसला, मीही हसलो. पण मला त्याचं बोलणं लागलं.

८ जून, रविवार

गसकडून साडेसहाची रायफल उसनी आणली. खाणीमागच्या मोकळ्या जागेत डार्ला आणि मी. तीनशे यार्डांवर कागद. माझ्या पाचही गोळ्या एका तळहाताखाली झाकल्या जातील एवढ्या जागेत.

"हीच घे," डार्ला म्हणाली. "आणि तीनशेच्या पलीकडे मारूच नकोस. खालच्या पाणवठ्यापाशी बसू. मी ओझं वाहते, तू सावकाश चाल."

सावकाश चाल! पोरीची बापाशी बोलायची ही रीत. पाणवठ्यापाशी एल्क रोज येत नाही, उतारावर रोज येतो. आणि ही रायफल खेळण्यासारखी वाटते. हातात घेतल्यावर काहीतरी हातात आहे असं वाटायला नको का?

४ जुलै, शुक्रवार

तीनशे मॅग्नम घेतली. बदल्यात गसला 'दोनशे सत्तर' दिली. सेहेचाळीस वर्षांची होती. दस्त्यावर चरा आहे, डार्ला बारा वर्षांची असताना तिच्या हातून कुंपणावर आपटली होती. तिचा पहिला एल्क त्याच रायफलीचा. तिला मी आधी विचारलं नाही.

कळल्यावर ती म्हणाली, "बरं." एवढंच. मग जाऊन एका खेचराला नाल ठोकले. खेचर ओरडल्याचं इथवर ऐकू आलं.

संध्याकाळी गावात स्वातंत्र्यदिनाचे फटाके होते, आम्ही गेलो नाही. माझा खांदा काळानिळा झालाय. गोळ्या पाच. तीन बऱ्या, दोन खाली डावीकडे गेल्या. वारा होता.

२० जुलै, रविवार

आज वारा नव्हता. पाच गोळ्या, तीन खाली डावीकडे. दोष गोळीच्या वजनात आहे. गसला सांगून जड गोळी भरून घेतो.

३ ऑगस्ट, रविवार

जड गोळी. चार खाली डावीकडे. वर बसवलेली दुर्बीण सैल असावी म्हणून तिचे स्क्रू आवळले. डार्ला मागे उभी राहून बघत होती. मला ते आवडत नाही.

मग म्हणाली, "दे इकडे. आता मी भरून देते, तू फक्त झाड."

ती पाठमोरी होऊन रायफल भरायची आणि बोल्ट, म्हणजे नळीमागची खिट्टी, बंद करून माझ्या हातात द्यायची. एक झाडली. ठो! दुसरी तशीच. तिसऱ्या वेळी चाप ओढला आणि नुसतं 'टक्' झालं. आत काडतूसच नव्हतं. आणि नळी मात्र वीतभर खाली गेली, धक्का न बसताच.

"बघितलंस?" ती म्हणाली. "धक्का नव्हता, आवाज नव्हता. त्यामुळे चाप पडला तेव्हा फुली कुठे होती ते तुला स्वच्छ दिसलं असेल. सांग कुठे होती?"

दुर्बिणीतली फुली कागदाच्या बाहेर होती. खाली, डावीकडे, गवतात.

"चाप कडक आहे," मी म्हणालो.

"चाप कडक नाहीये, बाबा."

तिने अजून दहा वेळा तोच खेळ केला. कधी भरलेली, कधी रिकामी, आणि मला कधीच ओळखता आलं नाही. भरलेल्या झाडल्या की धक्क्यात काही दिसत नाही. रिकामी असली की सगळं दिसतं, म्हणून रिकाम्या वेळी माणूस उगाच वेंधळा ठरतो. ही काही खरी परीक्षा नव्हे. गसकडून चाप हलका करून घेतो.

२४ ऑगस्ट, रविवार

चाप हलका झाला. एकटाच गेलो होतो. सातशे यार्डांवर लोखंडी पत्रा टांगला, ताटाएवढा. पाचपैकी तीन लागल्या. म्हणजे दोनदा पत्रा वाजला, आणि तिसरीची धूळ अगदी त्याला खेटून उडाली. एल्क ताटापेक्षा मोठा असतो, तेव्हा ती धरली. उरलेल्या दोन कुठे गेल्या ते दिसलं नाही.

डार्लाला तीन सांगितलं. गसला चार.

२० सप्टेंबर, शनिवार

गसच्या दुकानात आज वनखात्याची बाई होती. उत्तर खोऱ्यात धनुष्याने शिकार करणाऱ्या एकाला गेल्या आठवड्यात ग्रिझली अस्वलाने लोळवलं म्हणाली. एल्क पाडून कापत बसला होता. वाचला, पण चेहरा शिवायला लागला.

"आता त्यांना पाठ झालंय," ती म्हणाली. "बंदूक वाजली की अस्वलं पळायची, ते दिवस गेले. आता आवाज म्हणजे ताट वाढल्याची वर्दी. पाडल्यावर जितका उशीर कराल तितकी पंगत वाढेल."

डार्लाने माझ्याकडे बघितलं. मी खिळे बघत होतो.

घरी येताना गाडीत तिने शपथच घातली. "तीनशेच्या आत मारणार असशील तर मी येते. त्यापुढे नाही. तू मारशील एका सेकंदात आणि तिथे पोचायला अडीच तास. ते अडीच तास कुणाचे, बाबा? माझेच ना?"

"बरं, तीनशे."

"आईची शपथ घे."

घेतली. नादीनला ठाऊक आहे मी शपथा कशा घेतो. पाळायची मनापासून इच्छा आहे. पण एकवीस वर्षं आहेत, आणि एल्कला काही शपथ घातलेली नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

सामानाचं वजन केलं. ही रायफल जड, म्हणून बाकी हलकं करायला हवं. जाड कोट काढला. दुसरा थर्मास काढला. अस्वलाच्या तोंडावर मारायच्या मिरच्यांच्या फवाऱ्याचे दोन डबे होते, त्यातला एक काढला. एका वेळी एकच अस्वल येतं.

डार्लाने तो परत घातला. आणि तिच्या पाठीवरच्या रायफलच्या खोळीतून ओळखीचा दस्ता डोकावत होता. चरा असलेला. 'दोनशे सत्तर'! गसकडून जुलैतच परत घेतली म्हणे, वर्षभर त्याच्या घोड्यांचे नाल फुकट ठोकायच्या बोलीवर.

मी खोळीची सैल झालेली दोरी आवळून दिली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

तंबू ठोकला. उद्यापासून मोसम. कड्यावर नुसतं बघायला बसायचं, एल्क खाली कुठल्या वाटेने उतरतात ते हेरायचं आणि मग पाणवठ्याकडे जायचं, असं ठरलंय. तिने ठरवलंय. मी मान हलवली.

त्या एका मैलाला आज दीड तास लागला. फुलं नाहीत आता. दर वळणाला डार्ला आपल्या बुटाची नाडी बांधायची. सात-आठ वेळा बांधली. एवढी जाणती पोरगी आणि नाडीची गाठ नीट मारता येत नाही.

तंबूमागच्या मऊ बर्फात पंजा उमटलाय. माझी टोपी त्यात मावली. डार्ला म्हणाली, जुना असेल. ठशाच्या कडा वितळलेल्या नव्हत्या. पण मीही म्हणालो, जुना असेल.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज लिहीत नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

काल घडलं ते जसंच्या तसं लिहितो. ह्या वहीत आजवर मी सगळं जसंच्या तसं लिहिलेलं नाही.

सकाळी आठ-चाळीसला तो उतारावर आला. एकट्या झाडाच्या डावीकडे. दोन्ही बाजूंना सहा-सहा टोकांची शिंगं, त्यांवर ऊन पडलेलं. एकोणीस मारले, त्यांतला एकही असा नव्हता. डार्ला गळ्यातल्या दुर्बिणीतून बघत होती. म्हणाली, "केवढा देखणा आहे रे बाबा." मग मी पालथा पडून रायफल गोणीवर टेकवली तेव्हा तिचा आवाज बदलला.

"बाबा, नाही."

"बघतोय नुसता."

"आईची शपथ घेतलीयस."

मी झाडली. पहिली गेली कुठे कोण जाणे, एल्कने मानसुद्धा वळवली नाही. दुसरीला तो मागच्या पायांवर बसला. बसला! मग उठला आणि ओढत झाडाकडे निघाला. तिसरीला पडला. पडल्यावरही शिंगं हलत होती.

डार्लाने पुन्हा दुर्बीण डोळ्यांना लावली. मग म्हणाली, "पोटात लागलीय एक. जिवंत असेल अजून." आणि पाठपिशवी बांधायला लागली.

"मीही येतो."

"तू नाही येत. तू वर बसायचं." एवढ्या थंडपणे ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

माझी छाती भात्यासारखी चालली होती. मी झाडाला टेकून डोळे मिटले, पाचेक मिनिटं असेन. तेवढ्यात तिने थर्मासमधली कॉफी ओतून माझ्या हातात दिली, 'दोनशे सत्तर' खांद्याला लावली आणि गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या गळ्यात घातली. म्हणाली, "ह्यातून बघ. रायफलवरच्या दुर्बिणीतून माझ्याकडे बघायचं नाही."

हे सांगायची गरज नव्हती. रायफलवरच्या दुर्बिणीतून माणसाकडे बघत नाहीत, हे मीच तिला ती सात वर्षांची असताना मुस्काटात मारून शिकवलं होतं.

झाडल्यावर मी पुन्हा काडतुसं भरली होती, हे मला पक्कं आठवत होतं. एक नळीत, दोन रायफलच्या पोटात.

ती अकरा-दहाला पलीकडे पोचली. एक बार ऐकू आला, तो तिचा. एल्कचे हाल संपले. मग ती कापायला बसली. पाठपिशवी झाडाला अडकवलेली, वॉकीटॉकी तिच्यात. रायफल झाडाला टेकवलेली. अंगात नारिंगी जाकीट, पाठ वरच्या झाडीकडे. एकटी माणसं कापायला बसतात ती अशीच, कारण एल्कचं धूड एकट्याने उलटत नाही. पडला असेल तसा कापावा लागतो.

पावणेबाराला झाडीतून अस्वल आलं. आधी मला तो खडक वाटला. मग खडक चालायला लागला.

वारा खालून वर होता, सगळा वास त्याच्याकडे. पळत नव्हतं. सावकाश येत होतं, थांबत होतं, नाक वर करत होतं. मी वॉकीटॉकीवर ओरडलो. तिची वॉकीटॉकी पिशवीत ओरडली असेल. ती कापत होती, चालू असलेलं काम ती मध्येच सोडत नाही, तिच्या आईसारखी. मी कड्यावर उभा राहून ओरडलो. सातशे साठ यार्ड. आवाज दरीतच पडला.

अस्वल तिच्यापासून वीस पावलांवर आलं. मग पंधरा.

मी पालथा पडलो आणि रायफल घेतली.

सबंध उन्हाळा ह्याच अंतरासाठी हेच काडतूस मी निवडलं होतं. आता नाही तर कधी? अस्वलाच्या खांद्यावर फुली ठेवली. वाऱ्यासाठी वीतभर उजवीकडे घेतली. दुर्बिणीच्या गोलात दोघंही होती. अस्वल वर, ती जरा खाली, डावीकडे. मी सेफ्टी काढली. श्वास सोडला आणि चाप ओढला.

टक्.

धक्का नाही, आवाज नाही. त्यामुळे चाप पडला तेव्हा फुली कुठे होती ते मला स्वच्छ दिसलं.

ती अस्वलावर नव्हती. खाली, डावीकडे होती. नारिंगी जाकिटावर, पाठीच्या बरोबर मध्ये.

मी बोल्ट मागे ओढला. नळी रिकामी. पोटात बोट घातलं, रिकामं. काडतुसांची पिशवी चाचपली, जागेवर नव्हती. मग मी काही केलं नाही. मला काही करता येईना. तोंड बर्फात होतं.

मान वर केली तेव्हा ती उठून अस्वलासमोर उभी होती. कशाने वळली ठाऊक नाही. दोन्ही हातांत डबा धरलेला. नारिंगी ढग निघाला आणि अस्वल त्यात शिरून मागे फिरलं, शिंकत, पंजाने तोंड घासत. तिने घाई केली नाही. एका हाताने पिशवी काढली, एका हाताने रायफल, आणि उलट्या पावलांनी उतार उतरू लागली. एल्क तसाच राहिला. अर्ध्या तासाने अस्वल परत आलं आणि त्याच्यावर बसलं.

ती तीनला वर आली. बाह्या कोपरापर्यंत लाल. डोळे मिरचीने सुजलेले, मध्येच फिरलेल्या वाऱ्याने थोडा फवारा तिच्याही तोंडावर आणला होता. मी तिला हात लावायला गेलो, ती बाजूला झाली.

"बघितलंस?"

"हो."

"कशातून?"

"गळ्यातल्या," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं, मग खाली पडलेल्या रायफलीकडे. खिशातून तीन काडतुसं काढून खडकावर ठेवली. मग माझी पिशवी ठेवली.

"तू डोळे मिटून बसला होतास तेव्हा काढली."

"का पण?"

"ऑगस्टपासून बघतेय मी तुला."

तंबू गुंडाळला. परतीच्या वाटेवर तिने बुटाची नाडी नऊ वेळा बांधली. तेव्हा कुठे ती नाडी कुणासाठी होती ते मला कळलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

वनखात्याच्या बाईला कळवलं. ती म्हणाली, एल्क विसरा, अस्वलाने त्यावर माती-पालापाचोळा ओढून झाकून ठेवला असेल, आता तो त्याचा. परवान्यावर शिक्का बसला. गुण शून्य.

गसच्या दुकानात तीनशे मॅग्नम परत करायला गेलो तर तिथे आधीच बातमी पोचलेली. चौघं-पाचजण कॉफीवर.

"सातशे साठ!" गस ओरडला. "मी हरलो लेका, कबूल! अस्वलाने खाल्ला ती गोष्ट वेगळी, पण पाडलास की नाही? काय काडतूस आहे!" कुणीतरी पाठीवर थाप मारली. एकाने कुठली गोळी, किती वजनाची, ते लिहून घ्यायला कागद काढला.

मी रायफल काउंटरवर ठेवली आणि म्हणालो, "दोन लागल्या, त्यांतली एक पोटात. पत्र्यावरही दोनच लागल्या होत्या, चार नाही. हे लिहून घे." ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारा नम्र झालाय.

घरी आलो. डार्ला नादीनच्या ओट्यापाशी स्टुलावर बसून कॉफी पीत होती, पाठ दाराकडे. डोळे अजून लाल होते.

मी दारातूनच म्हणालो, "गळ्यातल्या दुर्बिणीतून नाही बघितलं."

"माहीत आहे."

"चाप ओढला होता."

"तेही माहीत आहे. मी बोल्ट बंद करून गेले होते. आले तेव्हा उघडा होता. ज्याने चाप ओढला नाही तो आत काय आहे ते बघायला कशाला जाईल?"

ती वळली नाही. कप हातात तसाच. मग म्हणाली, "फुली कुठे होती, बाबा?"

मी तिच्या मागे गेलो आणि तिच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, हात ठेवला.

तिने कप ओट्यावर ठेवला. हात काढ, असं ती म्हणाली नाही.